छापील रकान्याच्या बाजूने

मागच्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी अभ्यासिकेतल्या मुलामुलींशी बोलायला गेलो होतो. कार्यक्रम संपत आला तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. जीएनएम म्हणजे परिचारिकेची पदविका झालेली, तीन वर्षं एका खासगी दवाखान्यात काम केलेली. तिनं विचारलं, "सर, आरोग्याच्या कंत्राटी जागेसाठी अर्जासोबत बायोडाटा जोडायला सांगितलाय. तो कसा लिहायचा?" माझ्या शेजारी बसलेल्या दोन पाहुण्यांनी तो प्रश्न उचलला आणि पुढचा अर्धा तास आपसातच वाद घातला. एक जण पुण्यात कंपन्यांसाठी माणसं निवडणारे. त्यांचं म्हणणं, सरकारनं कायमच्या भरतीतसुद्धा रेझ्युमे मागवावा. जात, जन्मतारीख आणि टक्केवारी विचारणारा सरकारी अर्ज माणसाला काय येतं ते विचारतच नाही. दुसरे स्पर्धा परीक्षेचे क्लास घेणारे. ते म्हणाले, रेझ्युमे म्हणजे वशिल्याला घातलेलं आवतण. एक परीक्षा आणि एक गुणवत्ता यादी, याच्या पलीकडे काहीही नको. टाळ्या दोघांनाही पडल्या. मुलगी केव्हाच खाली बसली होती आणि तिचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला होता.

हा वाद मी अनेक ठिकाणी ऐकला आहे आणि दरवेळी तो याच दोन टोकांवर अडकतो. एका बाजूला सरकारी अर्जाचा ठरावीक नमुना हा निव्वळ मागासलेपणा वाटतो. दुसऱ्या बाजूला वाटतं, परीक्षा आहे म्हणजे रेझ्युमे सरकारी दारात आलेलाच नाही. माझ्या मते दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. उमेदवारानं आजवर काय काम केलं याला राज्य सरकारच्या निवडीत जागा असलीच पाहिजे. पण ती जाहिरातीसोबत छापलेल्या आणि गुण ठरवून दिलेल्या रकान्यातच. मोकळ्या हातानं लिहिलेला आणि मर्जीनुसार वाचला जाणारा रेझ्युमे सरकारी नोकरीच्या निवडीत नको. कारण कंपनीनं मला घेतलं नाही तर मी दुसरं दार ठोठावतो. सरकारनं घेतलं नाही तर "मला का नाही?" असं विचारण्याचा मला हक्क आहे, आणि त्या प्रश्नाला कागदावर उत्तर द्यावं लागणं हे सरकारचं बंधन आहे.

मी स्वतः काही वर्षं एका जिल्हा कार्यालयात अर्जांच्या छाननीला बसलो आहे. बाहेरून जो अर्ज रुक्ष दिसतो, तो आतून पाहिला की कळतं, त्यातला प्रत्येक रकाना म्हणजे एक दावा आहे आणि प्रत्येक दाव्यामागे एक हक्क उभा आहे. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. पण समांतर आरक्षणाचे, म्हणजे जातीच्या आरक्षणाच्या आत प्रत्येक प्रवर्गात राखलेल्या जागांचे, रकाने एकदा सावकाश वाचून पाहा. भूकंपग्रस्तांसाठी दोन टक्के आहेत; लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत १९९३ साली जे घडलं त्याची ही सरकारी स्मृती आहे. प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के, कारण कुणाची तरी जमीन धरणाखाली गेली. अनाथांना एक टक्का. आणि पदवीधर अंशकालीन कर्मचाऱ्यांना दहा टक्के. हे कोण? तर सरकारी कार्यालयांत तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर राबलेले सुशिक्षित बेरोजगार. म्हणजे सरकारी अर्जाला अनुभव कळत नाही हा आरोपच अर्धवट आहे. कळतो, फक्त तो गोष्टीसारखा सांगू दिला जात नाही, दाखल्यासह दाव्यासारखा मांडावा लागतो. आणि दाव्याला हरकत घेता येते, हे महत्त्वाचं. पात्र-अपात्र यादी लागते, तुमच्या नावापुढे अपात्रतेचं कारण लिहिलेलं असतं, ते चुकीचं असेल तर ठरलेल्या मुदतीत तुम्ही हरकत नोंदवता. रेझ्युमेच्या कोणत्या ओळीवर हरकत घ्यायची?

तरीही कंपनीवाल्या गृहस्थांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. त्यांचे तीन मुद्दे मला मनापासून पटतात. पहिला म्हणजे आपली परीक्षा कामाची परीक्षा नसते. दहा वर्षं रात्रपाळी करून अतिदक्षता विभाग सांभाळलेली परिचारिका आणि काल नोंदणी झालेली परिचारिका एकाच प्रश्नपत्रिकेला बसतात, आणि मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान, अंकगणित यांत जिचा सराव ताजा ती पुढे जाते. दुसरा मुद्दा त्याहून गंभीर आहे. फक्त परीक्षाच मोजली जाते म्हणून मुलं परीक्षेखेरीज काहीच करत नाहीत. पुण्यातल्या पेठांत, छत्रपती संभाजीनगरात, लातूरात अभ्यासिकेच्या खुर्चीवर विशीतली पाच-सहा वर्षं जातात. खुल्या प्रवर्गाला अडतीस आणि मागासवर्गीयांना त्रेचाळीस अशी वयोमर्यादा आहे. ती आशा लांबवते आणि हातात काही न ठेवता सोडून देते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, खुल्या प्रवर्गाला शुल्क हजार रुपये होतं. ज्यांची निवड झाली नाही त्यांच्या त्या वर्षांना कुठल्याच रकान्यात जागा नाही. तिसरा मुद्दा परीक्षेच्या पावित्र्याचा. २०२१ साली आरोग्य विभागाची प्रश्नपत्रिका फुटली, म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलावी लागली, शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन निकाल बदलल्याचं उघड झालं. मग परीक्षा निःपक्षपाती आणि रेझ्युमे तेवढा भ्रष्ट, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

हा तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सर्वांत जोरात मांडला जातो. शिक्षक पात्रता परीक्षेतला घोटाळा उघड झाला, पोलिसांनी माणसं धरली, साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. हे शक्य का झालं? उत्तरपत्रिका होती, मूळ गुण होते, जाहीर केलेले गुण होते, आणि ताडून पाहिल्यावर फरक दिसत होता. तलाठी भरतीच्या निकालात कुणाला दोनशेपैकी दोनशे चौदा गुण मिळालेले दिसले आणि राज्यभर गदारोळ उठला. वेगवेगळ्या सत्रांतल्या प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी समान करताना असं होऊ शकतं, असं स्पष्टीकरण सरकारला द्यावं लागलं. ते पटो न पटो, मुद्दा असा की आकडा छापलेला होता म्हणून पोरांनी त्यावर बोट ठेवलं. रेझ्युमे वाचून केलेल्या निवडीत बोट कशावर ठेवणार? तिथे घोटाळा झाला तरी फुटायला प्रश्नपत्रिका नसते आणि ताडून पाहायला उत्तरतालिका नसते. चोरी पकडली जाते म्हणून कुलूप निरुपयोगी ठरत नाही.

हे काही आजचं शहाणपण नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानात अधिकारी म्हणून यायचं तर कंपनीच्या संचालकाची शिफारस लागे. शिफारस मिळालेली मुलं इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात शिकत आणि इकडे येत. घराणं, ओळख, कुणीतरी दिलेला चांगल्या चालीचा हवाला, हाच त्यांचा रेझ्युमे. १८५३ च्या चार्टर कायद्यानं ही शिफारशीची पद्धत मोडली आणि १८५५ साली लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. ती परीक्षा न्याय्य होती का? मुळीच नव्हती. ती लंडनला होती, इंग्रजीत होती, आणि पुढे १८७० च्या दशकात कमाल वय एकवीसवरून एकोणीसवर आणून हिंदुस्थानी मुलांची वाट आणखी अरुंद केली गेली. पण तो अन्याय छापील होता. वय छापलेलं, ठिकाण छापलेलं, विषय छापलेले. म्हणूनच सुरेंद्रनाथ बॅनर्जींना वयोमर्यादेविरुद्ध देशभर सभा घेता आल्या. म्हणूनच १८९३ साली हिंदुस्थानातही एकाच वेळी परीक्षा घ्यावी असा ठराव ब्रिटिश पार्लमेंटात संमत झाला, दादाभाई नौरोजी तेव्हा त्या सभागृहात होते. तो अमलात यायला १९२२ उजाडलं, हे खरं. पण मागणी काय करायची हे तरी लोकांना ठाऊक होतं. संचालकाच्या मनातल्या शिफारशीविरुद्ध ठराव कसला मांडणार?

आपल्या घरचं उदाहरण तर याहून जवळचं आहे. गावचं दप्तर शतकानुशतकं वतनदार कुलकर्ण्याच्या हातात होतं. बापाकडून मुलाकडे जाणारं वतन हाच त्याच्या पात्रतेचा पुरावा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं बरखास्त करून पगारी तलाठी नेमले, हे कमी सांगितलं जातं. तेव्हाही आक्षेप आलाच असेल की पिढ्यान्‌पिढ्या दप्तर सांभाळलेल्या माणसाच्या अनुभवाचं काय? आक्षेपात तथ्यही होतं. मोडी दप्तर वाचणं खायचं काम नव्हतं. पण तो अनुभव मिळवण्याची संधी ज्यांना कधीच दिली गेली नाही, त्यांच्यापुढे अनुभवाची अट ठेवणं म्हणजे दार बंद करून किल्ली आतच ठेवणं. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतनं संपवणारा कायदा व्हायला १९५० उजाडलं, पाटीलकीचं वतन १९६३ च्या जानेवारीत गेलं. आज जो मुलगा हजार रुपये भरून तलाठ्याच्या परीक्षेला बसतो, तो या लढ्याचा वारस आहे. त्याला हे कुणी सांगत नाही, एवढंच.

"ते जुनं झालं, आता कोण जात पाहतं?" असं मला त्या दिवशी विचारलं गेलं. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात, जे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. शिक्षण तेच, अनुभव तोच. फरक फक्त नावात. काही नावं उच्चवर्णीय, काही दलित, काही मुस्लिम. दलित नावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्याचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाची सुमारे एक तृतीयांश. मुलाखतीपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. हे फक्त कागद वाचून झालं. आणि महाराष्ट्रात तर आडनाव, गाव आणि शाळेचं नाव वाचल्यावर वाचणाऱ्याला आणखी काही विचारायची गरजच उरत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, ही फार मोठी गोष्ट आहे.

जातीखेरीज आणखी एक गोष्ट रेझ्युमे मोजतो: तो लिहायला कुणी शिकवलं का. शहरातल्या मुलीला घरात, कॉलेजात कुणीतरी सांगितलेलं असतं की गणेशोत्सवाच्या मंडळाचा हिशेब ठेवला असेल तर तो 'आर्थिक व्यवस्थापन' म्हणून लिही. गावाकडच्या मुलीनं आजारी आजी, चार म्हशी आणि धाकट्या भावाचं शिक्षण एकटीनं निभावलेलं असतं. तिच्या रेझ्युमेत तेवढीच वर्षं रिकामी दिसतात. आणि अनुभव असूनही दाखला मिळेल याची खात्री कुठे? रोखीनं पगार देणारा दवाखाना, हजेरीपुस्तक न ठेवणारी शाळा, ठेकेदाराकडचं काम, यांचा अनुभव खरा असतो आणि कागद नसतो. उलट ओळखीच्या संस्थेच्या लेटरहेडवर पाच वर्षांचा दाखला बसल्या जागी मिळतो. असे दाखले मी छाननीत पाहिले आहेत. वर्षानुवर्षांच्या नोकरीची एकही पगारपावती सोबत नाही, अशी उदाहरणं कितीतरी. रकान्यात दावा असेल तर त्यासाठी पुरावा मागता येतो. मोकळ्या रेझ्युमेत तीच ओळ वाचणाऱ्याच्या मनावर ठसा उमटवून जाते आणि पुरावा मागण्याची वेळच येत नाही.

मुलाखतीच्या बाबतीत आपण हा धडा आधीच शिकलो आहोत. १९८१ च्या अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की प्रवेशासाठी तोंडी मुलाखतीला पंधरा टक्क्यांहून अधिक गुण ठेवणं मनमानी ठरेल. १९८५ मध्ये हरियाणाच्या लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात मुलाखतीचं वजन १२.२ टक्क्यांपर्यंत आणायला सांगितलं आणि आयोगाच्या सदस्याचा नातलग उमेदवार असेल तर त्या सदस्यानं बाजूला व्हावं हेही बजावलं. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. मुलाखतीत निदान उमेदवार समोर असतो, उत्तर देऊ शकतो, गैरसमज दूर करू शकतो. तिथेही जर न्यायालयाला मर्जीची भीती वाटली, तर उमेदवार हजरच नसताना होणाऱ्या वाचनाची किती वाटायला हवी?

आता क्लासवाल्या गृहस्थांकडे वळतो, कारण माझा जास्त राग त्यांच्या निश्चिंतीवर आहे. परीक्षा आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, असं ते मुलांना सांगतात. पण ज्या नोकऱ्या आज प्रत्यक्षात मिळतात त्यांतल्या किती परीक्षेतून मिळतात? कंत्राटी डॉक्टर, कंत्राटी परिचारिका, डेटा एन्ट्री ऑपरेटर, अभियंते, समन्वयक ही सगळी सरकारचीच कामं. थेट मुलाखतीला मूळ कागदपत्रं आणि बायोडाटा घेऊन या, एवढीच जाहिरात. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयानं बाह्य कंपन्यांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घ्यायला मोकळीक दिली होती; राज्यभर असंतोष झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करावा लागला. त्या वेळची आंदोलनं आरक्षण आणि नोकरीची शाश्वती यांवर झाली, आणि ते योग्यच होतं. पण कंपनी माणूस निवडणार कशी, कुठल्या निकषावर, आणि नाकारलेल्यानं दाद कुठे मागायची, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. केंद्रातही ऑगस्ट २०२४ मध्ये ४५ वरिष्ठ पदं थेट बाहेरून भरण्याची जाहिरात निघाली आणि तीन दिवसांत मागे घेतली गेली. तिथेही तेच झालं. रेझ्युमे सरकारी दारातून आत आला आहे, मागच्या दारानं आला आहे, आणि आपण पुढच्या दारावर पहारा देत बसलो आहोत. २००६ च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा मागच्या दाराच्या नेमणुका कायम करता येणार नाहीत असं सांगितलं. त्याचा फटका बसला तो आत शिरलेल्या साध्या माणसाला. दार उघडं ठेवणारं सरकार तसंच राहिलं.

म्हणून उपाय रेझ्युमे हाकलण्यात नाही, त्याला रकान्यात बसवण्यात आहे. आणि असं आपल्याकडे घडतंही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या बऱ्याच जिल्ह्यांच्या जाहिरातींत गुणांकनाचा तक्ता दिलेला असतो: मूळ अर्हतेच्या टक्केवारीला इतके गुण, जादा अर्हतेला इतके, अनुभवाच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला इतके, कमाल इतके. अंगणवाडी सेविकेच्या निवडीत बारावीच्या टक्क्यांना गुण आहेत, आणि विधवा, अनाथ, अनुभवी मदतनीस अशांना ठरावीक जादा गुण. गावातली बारावी झालेली कुठलीही बाई कागद-पेन घेऊन आपले गुण आपण मोजू शकते आणि यादी लागल्यावर शेजारणीचेही मोजू शकते. माझ्या लेखी राज्यातली सर्वांत प्रामाणिक निवडपद्धती ही आहे, आणि ती अगदी कमी मानधनाच्या पदासाठी वापरली जाते. पद मोठं होत जातं तसा निकष धूसर होत जातो.

या तक्त्यांतही खोट आहे. अनुभवाला गुण दिले की दाखला देणाऱ्याच्या हाती सत्ता जाते. म्हणून नोकरी सोडणाऱ्याला ठरावीक दिवसांत अनुभव दाखला देणं मालकावर बंधनकारक हवं आणि दाखला नसेल तर भविष्यनिर्वाह निधीची नोंद किंवा बँकेत जमा झालेला पगार हा पुरावा धरला पाहिजे. परिचारिकेच्या, लॅब तंत्रज्ञाच्या, अभियंत्याच्या कायम पदांच्या परीक्षेतही अनुभवाला थोडे, पण छापलेले गुण द्यायला माझी हरकत नाही. इतके थोडे की नव्याची वाट बंद होणार नाही. किती थोडे, यावर भांडण व्हावं. ते भांडण निदान आकड्यावरचं असेल.

त्या मुलीला मी कार्यक्रमानंतर जिन्यात गाठलं. तिला सांगितलं, बायोडाटा एका पानाचा ठेव. जाहिरातीत पदासाठी जी अर्हता ज्या क्रमानं दिली आहे त्याच क्रमानं आपली लिही. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे. परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख वर. अनुभवात 'तीन वर्षं' असं मोघम लिहू नकोस, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख लिही, किती खाटांच्या कोणत्या विभागात होतीस ते लिही, आणि दाखल्यावरची तारीख आणि ही तारीख एक दिवसानंही वेगळी नको. ती म्हणाली, "दाखलाच नाहीये सर. डॉक्टर म्हणतात, तू सोडून जाणार म्हणून देणार नाही." पगार हातात मिळायचा की खात्यावर, असं विचारलं. पहिली दोन वर्षं हातात, शेवटचं वर्ष खात्यावर. मग बँकेचं पासबुक भरून आण आणि त्या वर्षाच्या नोंदी जोड, असं सांगितलं. मान्य करतील का, ते ती विचारत होती. जाहिरातीत त्याबद्दल एक ओळही नव्हती.